विश्लेषण : एक रोजची, एक हौसेची… दोन मोटारींची जोडी कशी जुळवावी?

छोट्या मोटारींवरील जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये कमी झाला आणि दुसऱ्या गाडीचा बेत पुन्हा आवाक्यात आला. एक गाडी कार्यालय, शाळा, बाजारासाठी आणि दुसरी रविवारी घाटात, पावसाळ्यात कोकणात न्यायला, अशी ही कल्पना. जोडी जुळली तर दोन्ही गाड्या आपापले काम चोख करतात. ती चुकली तर दोन हप्ते, दोन विमे आणि सोसायटीत जागेवरून रोजची कटकट एवढेच पदरी पडते. म्हणून आवडते मॉडेल शोधण्याआधी काही प्रश्नांची उत्तरे शोधायला हवीत.

एकाच गाडीत दोन्ही कामे का होत नाहीत?

शर्यतीचा खोंड कोणी औताला जुंपत नाही. मोटारींचेही तसेच आहे. शहरातील रोजच्या वापराला गाडी आखूड, हलकी आणि कमी इंधन पिणारी लागते. गर्दीत सतत क्लच दाबावा लागू नये, खड्ड्यात कंबर हलू नये आणि छोट्या जागेत ती सहज मागे घेता यावी, एवढी माफक अपेक्षा असते. मौजेच्या गाडीकडून वेगळेच काही हवे असते. तिचे स्टीअरिंग नेमके असावे, वळणावर ती फार झुकू नये, गिअर हाताने टाकता यावेत किंवा चिखलात चारही चाकांना ताकद मिळावी.

या दोन यादींतील बऱ्याच गोष्टी एकमेकींच्या विरोधात जातात. वळणावर पक्की बसणारी कडक सस्पेन्शनची गाडी खड्ड्यांत हाडे खिळखिळी करते. उंच, जड आणि चारही चाकांना ताकद देणारी गाडी शहरात पेट्रोल पिते. एकाच गाडीत सगळे बसवायला गेले की बहुतेकदा मोठी एसयूव्ही घरी येते. ती रोजच्या कामाला अवजड ठरते आणि घाटातही फारशी रंगत आणत नाही. जोडीचा विचार येतो तो इथून.

आधी कोणती गाडी ठरवावी?

रोजची. वर्षातील तीनशेहून अधिक दिवस तीच रस्त्यावर असणार आहे. अनेक जण उलटे करतात. आधी आवडती गाडी घेतात आणि उरलेल्या पैशांत रोजची गाडी बसवतात. मग रोजची गाडी त्रास देते आणि हौसेची गाडीच कार्यालयात जाऊ लागते. वर्षभरात तिच्यावरची मायाही आटते.

त्यासाठी महिनाभर साधी नोंद ठेवावी. रोज किती किलोमीटर जाणे होते, गाडीत किती जण असतात, गाडी रात्री आणि दिवसा कुठे उभी राहते, या तीन गोष्टी लिहिल्या तरी पुरे. गाडीत बहुतेक दिवस एक किंवा दोनच माणसे असतील, तर सात आसनांची गाडी रोजच्या कामाला कशाला, हे त्या कागदावरच दिसते.

रोजच्या गाडीसाठी कोणते इंधन बरे?

रोजची धाव ठरलेली असेल आणि रात्री गाडीशेजारी चार्जिंगची सोय असेल, तर विद्युत मोटार हा जोडीतला चांगला पर्याय आहे. एकच गाडी असलेल्या घरात ‘लांबच्या प्रवासाचे काय?’ हा प्रश्न तिला अडवतो. जोडीत त्याचे उत्तर दुसऱ्या गाडीकडे असते. त्यामुळे मोठी बॅटरी आणि तिची जादा किंमतही टाळता येते. टाटा टियागो ईव्ही किंवा जेमतेम तीन मीटर लांबीची एमजी कॉमेट अशा वापरात शोभून दिसतात.

गणित असे. वर्षाला १२ हजार किलोमीटर धरू. पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि शहरातील सरासरी लिटरला १६ किलोमीटर धरली तर ७५० लिटर, म्हणजे सुमारे ७९ हजार रुपये लागतात. विद्युत मोटार एका युनिटमध्ये सात किलोमीटर गेली आणि घरची वीज दहा रुपये युनिट धरली, तर खर्च १७ हजारांच्या आसपास राहतो. विद्युत मोटारीवर जीएसटीही पाच टक्केच आहे.

सोसायटीत चार्जिंगची सोय नसेल तर सीएनजी हा व्यवहार्य मार्ग आहे. डिकीची जागा कमी होणे आणि पंपावरची रांग हे त्याचे दोन तोटे. सीएनजीसोबत स्वयंचलित गिअर मिळत नाहीत ही अडचण २०२४ मध्ये टाटा टियागोने दूर केली. महिन्याला तीन-चारशे किलोमीटरच जाणे असेल, तर साधी पेट्रोल गाडी पुरते. एवढ्या कमी वापरात इंधनाची बचत गाडीची जादा किंमत लवकर भरून काढत नाही.

‘मौज’ म्हणजे नेमके काय, हे ठरवणे का गरजेचे?

एकाच्या मौजेची गाडी दुसऱ्याला डोकेदुखी वाटते. महाराष्ट्रात ही हौस साधारण तीन प्रकारची दिसते.

पहिली वळणांची. ताम्हिणी, आंबोली, वरंधा, कुंभार्ली अशा घाटांत पहाटे गाडी चालवण्यात ज्यांना आनंद आहे, त्यांना हलकी, बुटकी आणि हाताने गिअर टाकायची हॅचबॅक किंवा सेदान हवी. स्विफ्टसारखी जेमतेम नऊशे किलो वजनाची गाडीही इथे खूप काही देते. त्याहून जोर हवा असेल तर ह्युंदाई आय२० एन लाइन किंवा फोक्सवॅगन व्हर्टस जीटी यांचा विचार होतो.

दुसरी हौस कच्च्या रस्त्यांची. सह्याद्रीतील गड-किल्ल्यांच्या पायथ्यापर्यंतच्या वाटा, पावसाळी चिखल, शेतरस्ते यांसाठी महिंद्रा थार किंवा मारुती जिम्नी आहेत. घेताना मात्र नीट पाहावे. दिसायला सारख्या असलेल्या थारच्या काही आवृत्त्यांत फक्त मागच्या चाकांना ताकद मिळते. चिखलासाठी घ्यायची असेल तर ‘फोर बाय फोर’ आवृत्तीच घ्यावी लागते. गाडी तशी असली तरी ती समुद्रकिनाऱ्यावर नेऊ नये. अनेक किनाऱ्यांवर वाहनांना मनाई आहे. वाळूत चाके रुतली की भरतीच्या आधी गाडी निघेलच असे नाही आणि खारे पाणी सांगाड्याला आतून खाते.

तिसरी हौस लांबच्या प्रवासाची. सहकुटुंब पाच-सहाशे किलोमीटर जायचे, तर आरामदायी आसने, मोठी डिकी आणि महामार्गावर स्थिर राहणारी गाडी हवी. या प्रकारात मोठी एसयूव्ही किंवा सेदान योग्य ठरते. मात्र मग रोजची गाडी जितकी छोटी तितकी बरी.

आपली हौस यांपैकी कोणती, याचे उत्तर मागच्या वर्षातील सुट्ट्यांत सापडते. वर्षभरात एकदाही कच्च्या रस्त्यावर न गेलेल्या घरात थार आली तर ती बहुधा मॉलच्या वाहनतळात उभी राहील.

जास्त ताकद म्हणजे जास्त मौज का?

तसे नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साधारण साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा आहे. मोटारींना तिथे ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे आणि घाटात ती आणखी कमी होते. कॅमेरेही बसले आहेत. मर्यादा मोडून सगळा मार्ग ताशी १२० ने कापला तरी वाचतात जेमतेम साडेनऊ मिनिटे. उलट ताशी ६० ऐवजी १०० च्या वेगात ब्रेक लावला, तर गाडी थांबायला लागणारे अंतर सुमारे पावणेतीनपट होते. घाटातल्या आंधळ्या वळणावर हा फरक जिवावर बेततो.

म्हणून शक्तिशाली गाडीचे बळ सार्वजनिक रस्त्यावर वापरताच येत नाही. कमी ताकदीच्या हलक्या गाडीत मात्र दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, मर्यादेतल्या वेगातही चालवण्याचे कसब लागते आणि ते कसब हीच खरी मौज असते. वेगाचीच आवड असेल तर त्याची जागा चेन्नई, कोइम्बतूर किंवा ग्रेटर नोएडाच्या शर्यतमार्गावर आहे. तिथे समोरून ट्रक येत नाही.

करांमुळे निवड कशी बदलते?

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा सीएनजी, तसेच १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल मोटारींवर १८ टक्के जीएसटी आहे. त्यापुढच्या मोटारींवर तो ४० टक्के आहे. लांबी आणि इंजिन या दोन्ही अटी पाळाव्या लागतात आणि इथेच गल्लत होते.

जिम्नी चार मीटरच्या आत आहे, पण तिचे पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचे असल्याने ती ४० टक्क्यांत जाते. तीन दारांच्या थारमधील दीड लिटर डिझेल आवृत्ती १८ टक्क्यांत बसते. पण तिच्यात चारही चाकांना ताकद मिळत नाही. तीच गाडी २.२ लिटर डिझेल इंजिनासह घेतली की ४० टक्के. पाच दारांची थार रॉक्स चार मीटरहून लांब असल्याने तिला सवलत नाही. आय२० एन लाइनचे टर्बो इंजिन १२० पीएस ताकद देते, पण ते ९९८ सीसीचे असल्याने १८ टक्केच कर लागतो. वळणांची हौस असणाऱ्यांना करांनी दिलेली ही मोठी मुभा आहे.

त्यावर राज्याचा एकरकमी वाहनकर येतो. वैयक्तिक नावावरील पेट्रोल मोटारीला तो किमतीनुसार ११ ते १३ टक्के आणि डिझेलला १३ ते १५ टक्के आहे. गाडी रोज धावो की महिन्यातून दोनदा, हा कर सारखाच बसतो. महिन्यातून चारदा निघणाऱ्या गाडीसाठी डिझेलचा जादा कर भरणे म्हणूनच सहसा परवडत नाही.

दुसऱ्या गाडीचा खरा खर्च किती?

शोरूममध्ये हप्ता सांगितला जातो, खर्च नाही. उदाहरणादाखल १२ लाखांची नवी गाडी घेऊ. विमा कंपन्यांच्या घसारा तक्त्यानुसार पाच वर्षांत गाडीचे विमामूल्य निम्म्यावर येते, म्हणजे वर्षाला सरासरी १ लाख २० हजारांची घट. विमा ३० हजार, देखभाल १२ हजार आणि वाहनतळाचे भाडे २४ हजार धरले. वर्षाला ३ हजार किलोमीटर, लिटरला दहा किलोमीटर या हिशेबाने पेट्रोल साडेएकतीस हजारांचे. बेरीज २ लाख १७ हजारांवर जाते. यात कर्जाचे व्याज धरलेलेच नाही. गाडी वर्षातून ३० दिवस बाहेर निघाली, तर एका दिवसाच्या मौजेची किंमत सव्वासात हजार रुपये होते.

हा आकडा समोर ठेवला की तिसरा पर्याय दिसतो. वर्षातून आठ-दहा दिवसांचीच हौस असेल, तर स्वतः चालवण्यासाठी भाड्याने गाडी घेणे स्वस्त पडते. एकदा थार, एकदा मोठी एसयूव्ही असे बदलही करता येतात. मात्र अशा गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलीच पाहिजेत. ओळखीतून मिळणारी पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेणे बेकायदा आहे आणि अपघात झाल्यास विम्याचा दावा अडकतो.

विम्यात बचत करता येते का?

काही प्रमाणात. तृतीय पक्ष विमा कायद्याने सक्तीचा आहे, गाडी उभी असली तरी. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार तो हजार सीसीपर्यंत २,०९४ रुपये, दीड हजार सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात मात्र सवलत मिळवता येते. विमा नियामक ‘इर्डाई’ने जुलै २०२२ मध्ये तीन प्रकारांना परवानगी दिली. जितके किलोमीटर तितका हप्ता, चालवण्याच्या पद्धतीनुसार हप्ता आणि एकाच मालकाच्या अनेक वाहनांसाठी एकत्र पॉलिसी, असे ते प्रकार आहेत. दोन गाड्यांच्या घराने पहिल्या आणि तिसऱ्या प्रकाराची चौकशी जरूर करावी.

एक गैरसमजही दूर व्हायला हवा. पहिल्या गाडीवर मिळवलेला ‘नो क्लेम बोनस’ जादा घेतलेल्या दुसऱ्या गाडीला लागू होत नाही. हौसेपोटी मोठ्या आवाजाचा सायलेन्सर किंवा इंजिनात फेरफार करणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ लक्षात ठेवावे. उत्पादकाच्या मूळ तपशिलात बदल करण्यास ते मनाई करते. असा बदल दंडासोबत विम्याचा दावाही धोक्यात आणतो.

हौसेसाठी जुनी गाडी घेणे शहाणपणाचे का?

अनेकदा हो. नव्या गाडीची मोठी घट पहिल्या मालकाने सोसलेली असते. वरच्याच पद्धतीने पाच लाखांच्या सात वर्षे जुन्या गाडीचा हिशेब केला आणि देखभालीला जास्त, म्हणजे ३० हजार धरले, तरी वर्षाचा खर्च दीड लाखाच्या आसपास राहतो. एका दिवसाच्या मौजेमागे दोन हजारांहून अधिक वाचतात. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या काही सेदानमध्ये मिळणारे स्टीअरिंगचे वजन आणि हाताने टाकायचे गिअर नव्या गाड्यांत सहसा सापडत नाहीत, हे हौशी चालकांचे आवडते कारणही त्यात आहे.

तीन सावधगिरी मात्र हव्यात. देशात एबीएस ब्रेक एप्रिल २०१९ पासून आणि चालकासाठी एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या स्वस्त आवृत्तीत या गोष्टी नसू शकतात. घाटात न्यायच्या गाडीत त्या हव्यातच. दुसरे म्हणजे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी, शुल्क आणि पर्यावरण कर लागतो. २० वर्षांवरील मोटारीचे नूतनीकरण शुल्क २०२५ मध्ये १० हजार रुपये झाले. तिसरे इंधन. आता पंपावर २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल मिळते. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि गॅस्केट त्याला साजेशा आहेत का, हे मेकॅनिककडून तपासून घ्यावे.

उभ्या गाडीची काळजी कशी घ्यावी?

कमी चालणारी गाडी कमी खराब होते, हा समज चुकीचा आहे. उभी राहिली की बॅटरी उतरते, ब्रेकच्या डिस्कवर गंज चढतो, टायर एका बाजूने चपटे होतात आणि पावसाळ्यात उंदीर वायरिंग कुरतडतात. इथेनॉल ओलावा शोषते. त्यामुळे महिनोन् महिने तेच पेट्रोल टाकीत ठेवणेही बरे नाही.

उपाय साधे आहेत. आठवड्या-पंधरवड्यातून एकदा गाडी वीस-पंचवीस मिनिटे प्रत्यक्ष रस्त्यावर चालवावी. नुसते इंजिन सुरू ठेवून भागत नाही. टायर किलोमीटरवर नव्हे तर वयावरही बदलावे लागतात. टायरच्या कडेवरील चार आकडी खूण वय सांगते. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शाबूत दिसली तरी असा टायर घाटात नेऊ नये.

जागेचा प्रश्न कितपत गंभीर?

सगळ्यांत गंभीर. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार एका सभासदाला साधारणपणे एकच जागा मिळते. जागा उरल्या तरच दुसरी, तीही वर्षा-वर्षाच्या बोलीवर. बाकीच्या गाड्या रस्त्याकडेला लागतात. तिथे रुग्णवाहिका अडते, अग्निशमन दलाचा बंब वळत नाही. एका घराच्या रविवारच्या मौजेची किंमत मग सगळी गल्ली रोज मोजते.

जपानने १९६२ मध्येच कायदा करून गाडी घेण्याआधी जागेचा दाखला बंधनकारक केला. ही जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत असावी लागते. महाराष्ट्रातही वाहनतळाच्या दाखल्याशिवाय नव्या मोटारीची नोंदणी न करण्याचा मनोदय परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी मे २०२५ मध्ये जाहीर केला होता. नियम येवो न येवो, हक्काची दुसरी जागा नसेल तर दुसरी गाडी घेऊ नये, हेच सयुक्तिक.

मग जोडी कोणती?

घाटाची आवड आणि घरी चार्जिंगची सोय असेल, तर छोटी विद्युत मोटार आणि हाताने गिअर टाकायची हलकी पेट्रोल हॅचबॅक ही जोडी करांत, खर्चात आणि मौजेत उजवी ठरते. कच्च्या रस्त्यांची हौस असेल तर सीएनजी किंवा विद्युत हॅचबॅकसोबत फोर बाय फोर जिम्नी किंवा थार, शक्यतो जुनी. कुटुंबासह लांब जाणे होत असेल, तर छोट्या स्वयंचलित गाडीसोबत मोठी सेदान किंवा एसयूव्ही.

तिन्हींत सूत्र एकच आहे. दुसरी गाडी पहिलीच्याच जातीची नसावी. पहिलीला जे जमत नाही तेवढेच दुसरीने करावे. दोन मध्यम एसयूव्ही दारात उभ्या करणे म्हणजे एकच गाडी दोनदा विकत घेणे. आणि जे काम पहिलीला जमत नाही ते वर्षातून दहा दिवसांपेक्षा कमी वेळा पडत असेल, तर भाड्याची गाडी हीच जोडीतली दुसरी गाडी. तिला विमा भरावा लागत नाही, तिची बॅटरी उतरत नाही आणि सोमवारी सकाळी ती कोणाच्या फाटकासमोर उभी नसते.